शिडीवरचा म्हातारा आणि लोंबणारा रुमाल

एकोणिसाव्या शतकातला जर्मन चित्रकार कार्ल श्पिट्सवेग याचं 'पुस्तकी किडा' हे चित्र समोर आलं की पहिलं पथ्य पाळा: हसू नका. उंच शिडीच्या टोकावर म्हातारा ग्रंथवेडा, एक पुस्तक नाकाशी, दुसरं हातात, तिसरं काखेत, चौथं गुडघ्यांत दाबलेलं आणि कोटाच्या खिशातून लोंबणारा रुमाल. हसू येणारच. पण हसणाऱ्याचं विवेचन ऐकायला कोण थांबतं? दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करा.

मग हळूच म्हणा, 'बीडरमायर'. कुणी अर्थ विचारलाच तर सांगा, १८१५ ते १८४८ या काळात जर्मन मध्यमवर्ग राजकारणातून अंग काढून घरात आणि छंदांत रमला, तो जमाना. चित्र साधारण १८५० चं आहे, म्हणजे तो जमाना सरल्यावरचं, असं एखाद्या चोंबड्यानं काढलं तर डगमगू नका. 'तेच तर!' असं ओरडा. जर्मनीतली १८४८ ची क्रांती नुकतीच फसलेली, बाहेर एवढी उलथापालथ, आणि हे महाशय शिडीवर! (हे खरंच लागू पडतं, कबूल करतो. श्पिट्सवेगनं म्हाताऱ्याची खोडी काढली आहे, पण मायेनं. माया मात्र सिद्ध करता येत नाही, सबब तिचा उल्लेख टाळा.)

आता कपाटावरची पाटी: 'मेटाफिजिक', म्हणजे तत्त्वमीमांसा. ही सापडली की अर्ध्या तासाची निश्चिंती. शिडी म्हणजे ज्ञानाची आस, वरून येणारा उजेड म्हणजे सत्य, खाली कोपऱ्यातला पृथ्वीगोल म्हणजे विसरलेलं जग. वरच्या फळीला हात पोचावा म्हणूनही माणसं शिडीवर चढतात, ही शंका आलीच तर गिळून टाका. पंचाईत होते ती रुमालाची. तो कुठल्याच सिद्धांतात बसत नाही, आणि नेमका तोच चित्रातला सगळ्यात जिवंत तुकडा आहे. तेव्हा बोलताना रुमालाच्या आड उभे राहा.

चरित्र जपून वापरा. श्पिट्सवेग औषधशास्त्र शिकलेला, चित्रकला आपली आपण शिकला, इथपर्यंत ठीक. पण त्यानं निवडुंगावर जीव टाकणारा म्हाताराही रंगवलाय, हे चुकूनही बोलू नका. निवडुंग आला की तत्त्वमीमांसा गडगडलीच.

शेवटची अडचण आकाराची. चित्र जेमतेम अर्धा मीटर उंच. पाटी वाचायची तर नाक पार चित्राला टेकेस्तोवर न्यावं लागतं, एका हातात माहितीपत्रक, दुसऱ्यात वही, काखेत जाडजूड कॅटलॉग. अशा वेळी मागे कुणी खुदकन हसलं तर वळून बघू नका. फक्त निघण्यापूर्वी आपला रुमाल खिशात नीट खोचलेला आहे ना, तेवढं पाहून घ्या.