टाऊ ०.८५ च्या वर गेला म्हणून जनुक एकाच ऊतीचं होत नाही

जनुकांच्या डेटावर नव्यानं काम करू लागलेल्यांमध्ये सध्या एक सल्ला फार फिरतोय. तो थोडक्यात असा : वेगवेगळ्या ऊतींमधल्या अभिव्यक्तीचा (जनुक कुठे किती सक्रिय आहे याचा) तक्ता सॉफ्टवेअरला द्या, टाऊ, म्हणजे जनुक किती एकाच ऊतीपुरतं आहे ते ० ते १ मध्ये सांगणारा निर्देशांक, काढा, ०.८५ च्या वरची जनुकं बाजूला काढा. ती झाली ऊती-विशिष्ट. टाऊ जनुकाचा गुणधर्मच सांगतो, आणि तो जितका मोठा तितकं जनुक त्या ऊतीसाठी महत्त्वाचं. टाऊऐवजी दुसरा कुठला निर्देशांक घेतला तरी उत्तर तेच येतं. आणि असं जनुक औषधासाठी सुरक्षित लक्ष्य असतं, कारण शरीरात ते दुसरीकडे नसतंच. हा सल्ला मला तिघांनी वेगवेगळा पाठवला, आणि त्यातल्या एकीनं आपला अख्खा प्रकल्प त्यावर बेतला होता. तिला जे समजावून सांगितलं तेच इथे मांडतोय.

आधी त्यातलं जे खरं आहे ते मान्य करतो. टाऊ हा उत्तम निर्देशांक आहे. इताई यानाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००५ मध्ये मांडला. हिशोब सोपा आहे : जनुकाचा सगळ्यात मोठा आकडा ज्या ऊतीत आहे त्यानं बाकी सगळ्या आकड्यांना भागायचं, प्रत्येक भागाकार १ मधून वजा करायचा, बेरीज करायची आणि ऊतींच्या संख्येपेक्षा एक कमी अशा आकड्यानं तिला भागायचं. सगळीकडे सारखं व्यक्त होणाऱ्या जनुकाला ० मिळतो, एकाच ऊतीत दिसणाऱ्याला १. पुढे २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या दोन संशोधकांनी अशा नऊ पद्धती समोरासमोर ठेवून तपासल्या, तेव्हाही टाऊच सगळ्यात भरवशाचा ठरला. माझा आक्षेप टाऊवर नाहीच. त्या आकड्यातून जो अर्थ काढला जातोय, त्यावर आहे.

पहिला मुद्दा ०.८५ चा. कुठले ०.८५? पाच ऊती घ्या. एका जनुकाचा आकडा एका ऊतीत १००० टीपीएम (अभिव्यक्ती मोजायचं एकक), उरलेल्या चारांत १०० टीपीएम. थेट आकड्यांवर टाऊ येतो ०.९०. तेच आकडे, प्रत्येकात १ मिळवून, दोन या पायाच्या लॉगमध्ये बदला आणि पुन्हा टाऊ काढा. आता येतो ०.३३. जनुक तेच, नमुने तेच, तरी एकदा ते ‘विशिष्ट’ ठरलं आणि एकदा जवळपास हाउसकीपिंगच्या, म्हणजे सगळीकडे चालू असणाऱ्या जनुकांच्या रांगेत जाऊन बसलं. टीस्पेक्ससारख्या, हे निर्देशांक काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लॉग घ्यायचा की नाही हा एक साधा पर्याय असतो, आणि फिरत्या सल्ल्यात त्याचा उल्लेखही नाही. लॉग घेतला होता का, हे सोबत लिहिलेलं नसेल तर ०.८५ हा आकडा वाचून काहीच कळत नाही.

दुसरा मुद्दा, ‘टाऊ जनुकाचा गुणधर्म सांगतो’. इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण बहुतेक चुका इथेच होतात. मानवी ऊतींसाठी बहुतेक जण जीटीईएक्सचा, म्हणजे अनेक दात्यांच्या ऊतींमधली अभिव्यक्ती मोजणाऱ्या प्रकल्पाचा, तक्ता घेतात. त्याच्या आठव्या आवृत्तीत ५४ रकाने आहेत. पण ते ५४ वेगवेगळे अवयव नाहीत. त्यातले १३ रकाने एकट्या मेंदूचे आहेत, तीन अन्ननलिकेचे, तीन धमन्यांचे, दोन त्वचेचे, दोन हृदयाचे, आणि दोन तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचे. आता असं जनुक कल्पा जे मेंदूत सगळीकडे सारखं व्यक्त होतं आणि मेंदूबाहेर अजिबात नाही. मेंदू-विशिष्ट याहून वेगळं काय असतं? पण ५४ रकान्यांवर त्याचा टाऊ येतो ४१ भागिले ५३, म्हणजे ०.७७. चाळणीतून बाहेर! मेंदूचे १३ रकाने एकत्र करून एक केला की त्याच जनुकाचा टाऊ बरोब्बर १. यकृताच्या जनुकाला हा त्रास होत नाही, कारण यकृताला एकच रकाना आहे. तक्ता बनवणाऱ्यांनी मेंदू बारकाईनं तपासला, हे त्यांचं मोठंच काम. पण तक्ता आहे तसा सॉफ्टवेअरमध्ये ओतला की त्या बारकाईचीच शिक्षा मेंदूच्या जनुकांना होते.

याच्या उलट उदाहरण एक्सआयएसटीचं. स्त्रीच्या पेशींमधल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निष्क्रिय करण्याचं काम या जनुकाचा आरएनए करतो. साहजिकच ते त्वचेत, स्नायूत, यकृतात, मेंदूत सगळीकडे व्यक्त होतं, फक्त स्त्रियांमध्ये. जीटीईएक्सच्या दात्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुष आहेत. प्रत्येक ऊतीसाठी दात्यांचा मध्यक घेतला, आणि बहुतेक जण तोच घेतात, की पुरुषांची संख्या जास्त असलेल्या ऊतींमध्ये एक्सआयएसटीचा मध्यक शून्याच्या आसपास जातो. मोठा आकडा उरतो तो अंडाशय, गर्भाशय, योनी, बीजवाहिनी आणि गर्भाशयमुखाच्या दोन रकान्यांत. हे सहा रकाने सारखे आणि बाकीचे ४८ शून्य धरले तर टाऊ येतो ०.९१. म्हणजे स्त्रीच्या शरीरात जवळपास सर्वत्र असणारं जनुक ‘जननसंस्थेपुरतं’ म्हणून यादीत शिरतं आणि फक्त मेंदूत असणारं जनुक बाहेर राहतं. सॉफ्टवेअरनं दोन्ही वेळा गणित अचूक केलं आहे. तक्त्यात कोण बसलंय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

माझ्याकडे आलेल्या त्या प्रकल्पातही पहिल्या पानावर एक्सआयएसटी होतं. ते दिसल्यावरच आम्ही दोघं तक्ता उघडून बसलो.

तिसरा मुद्दा, ‘टाऊ जितका मोठा तितकं जनुक त्या ऊतीसाठी महत्त्वाचं’. एका ऊतीत ०.३ टीपीएम आणि बाकी सगळीकडे शून्य असलेल्या जनुकाचा टाऊ काढा. तो १ येतो, लॉग घ्या किंवा घेऊ नका. आता अल्ब्युमिनसारखं जनुक घ्या. आकडे समजण्यापुरते धरू : यकृतात २०,००० टीपीएम, इतर प्रत्येक ऊतीत ३ टीपीएम. लॉग घेऊन टाऊ येतो ०.८६. रक्तातलं मुख्य प्रथिन बनवणारं जनुक उंबरठ्यावर कसंबसं टेकलं आणि सिक्वेन्सिंगच्या (आरएनएचे तुकडे वाचून मोजण्याच्या) गोंगाटातले चारदोन तुकडे पूर्ण गुण घेऊन वर गेले. म्हणून टाऊ काढण्याआधीच किमान पातळी ठरवावी लागते. १ टीपीएमच्या खालचे आकडे शून्य धरण्याची पद्धत रूढ आहे, आणि ती पाळली तर हा गोंधळ बराच कमी होतो.

शिवाय ते इतर ऊतींमधले ३ टीपीएम खरे असतात का? दर वेळी नाही. स्वादुपिंडाची पाचक जनुकं, पीआरएसएस१ किंवा सीईएलए३ए यांसारखी, त्या ऊतीत इतक्या प्रचंड प्रमाणात असतात की स्वादुपिंडाचा नमुना ज्या दिवशी सिक्वेन्सिंगला गेला त्याच दिवशी गेलेल्या दुसऱ्या ऊतींच्या नमुन्यांतही त्यांचा अंश मिसळलेला जीटीईएक्समध्ये आढळला आहे. थोडक्यात, लहान आकडा कधी गोंगाट असतो, कधी भेसळ आणि कधी अगदी खरा. टाऊ या तिघांना एकाच मापानं मोजतो.

‘कुठलाही निर्देशांक घ्या, फरक पडत नाही’ हे तर सरळ चूक आहे. टीस्पेक्समध्ये असे बारा निर्देशांक आहेत आणि ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. टाऊ, गिनी, शॅनन एन्ट्रॉपीवर आधारलेला निर्देशांक हे जनुकाला मिळून एकच आकडा देतात. जनुक किती विशिष्ट आहे ते कळतं, कुठल्या ऊतीसाठी ते कळत नाही. झेड-स्कोअर, एसपीएम, टीएसआय हे प्रत्येक ऊतीसाठी वेगळा आकडा देतात. झेड-स्कोअरचं, म्हणजे एखाद्या ऊतीचा आकडा सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे त्याचं, एक सांगतो, कारण ते फार कमी जणांच्या लक्षात येतं. नमुन्याचं प्रमाण विचलन वापरून काढलेला झेड-स्कोअर एका मर्यादेच्या वर जाऊच शकत नाही. ती मर्यादा म्हणजे ऊतींच्या संख्येतून एक वजा करून ऊतींच्या मूळ संख्येच्या वर्गमुळानं भागल्यावर येणारा आकडा. दहा ऊती असतील तर ती २.८५. आता तुम्ही ‘झेड ३ च्या वर’ अशी चाळणी लावलीत, तर दहा ऊतींच्या तक्त्यात एकही जनुक कधीच पास होणार नाही, मग ते कितीही विशिष्ट असो. अकरावी ऊती जोडली की मर्यादा ३.०२ होते आणि अचानक यादी भरू लागते. या दोन याद्या पाहून कोणी ‘अकराव्या ऊतीनं नवी जीवशास्त्रीय माहिती दिली’ असं लिहिलं तर?

ऊती आणि पेशी यांची गल्लतही या सल्ल्यात आहे, तिच्याबद्दल थोडंच. इन्सुलिनचं जनुक स्वादुपिंडाचं म्हणून यादीत येतं, पण ते बनवणाऱ्या बीटा पेशी ज्या लँगरहान्सच्या बेटांत असतात ती स्वादुपिंडाच्या वजनाच्या एकदोन टक्केच. सबंध ऊती कुस्करून घेतलेल्या नमुन्यात पेशीचा आवाज तिच्या संख्येइतकाच ऐकू येतो. एखाद्या ऊतीतल्या मूठभर पेशींत भरपूर असलेलं जनुक तिथे ‘जवळपास नाही’ असं दिसू शकतं.

आणि यामुळेच शेवटचा मुद्दा, सुरक्षित लक्ष्याचा, मला मुकाट्यानं सोडून देता येत नाही. एमएजीई कुळातली जनुकं निरोगी प्रौढ शरीरात मुख्यतः वृषणात आणि अनेक कर्करोगांत व्यक्त होतात. अशा जनुकाचे आकडे धरा : वृषणात ५०० टीपीएम, मेंदूच्या एका रकान्यात २, बाकी शून्य. थेट आकड्यांवरचा टाऊ दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत १.००० येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या एका चाचणीत एमएजीई-ए३ ओळखणाऱ्या बदललेल्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) नऊ रुग्णांना दिल्या गेल्या. पाच जणांचे कर्करोग आक्रसले. पण तिघांची मानसिक अवस्था बिघडली, त्यातले दोघं कोमात गेले आणि दगावले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्याचा मागोवा आहे : त्या टी-पेशी याच कुळातल्या एमएजीई-ए१२ लाही ओळखत होत्या आणि ते जनुक मानवी मेंदूत व्यक्त होत असल्याचं नंतरच्या तपासात आढळलं.

मी असं म्हणत नाही की तिथे कोणी टाऊ बघून निर्णय घेतला. पण ‘दुसरीकडे नसतंच’ हे वाक्य किती महाग पडू शकतं ते यातून दिसतं, आणि तो मेंदूतला लहानसा आकडा जिथे सगळ्यात आधी पुसला जातो ती जागा म्हणजे टाऊचा रकाना. लक्ष्य शोधत असाल तर टाऊनं यादी जरूर लहान करा. मग उरलेल्या प्रत्येक जनुकाची अख्खी ओळ उघडा, दात्यागणिक आकडे पाहा, एकेका पेशीचा डेटा मिळाला तर तोही जोडा, आणि जिथे आकडा सगळ्यात मोठा नाही पण शून्यही नाही अशा ऊतीपासून वाचायला सुरुवात करा.