फोटो एम्बेड केले म्हणजे फाइल सुरक्षित झाली, हे खरे नाही

दिवाळी अंकांचा हंगाम आला की डीटीपी, म्हणजे संगणकावर पानांची मांडणी, करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सूचना फिरू लागते: ‘प्रेसला फाइल देण्यापूर्वी सगळे फोटो एम्बेड करा. लिंक ठेवली की फोटो हरवतात आणि धूसर छापले जातात. एम्बेड केले की एकच फाइल पुरते.’ एम्बेड करणे म्हणजे फोटो दस्तऐवजाच्या आतच साठवणे, आणि लिंक ठेवणे म्हणजे तो बाहेर ठेवून फक्त त्याचा पत्ता नोंदवणे. यामागची भीती खरी आहे, उपाय मात्र चुकीचा आहे, आणि काम शिकणारी मुले तो नियम म्हणून पाठ करतात याची मला काळजी वाटते.

फोटो हरवतात, हे आधी पाहू. इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘प्लेस’ केलेल्या, म्हणजे पानावर आणून बसवलेल्या, फोटोची पडद्यापुरती कमी रिझोल्यूशनची प्रतिमा आणि मूळ फाइलचा पत्ता, एवढेच सहसा दस्तऐवजात येते. पेन ड्राइव्हवरून फोटो लावून तो ड्राइव्ह काढून घेतला, की लावलेल्या फोटोंची यादी दाखवणाऱ्या लिंक्स पॅनेलमध्ये लाल प्रश्नचिन्ह उमटते, आणि त्याकडे दुर्लक्ष करून पीडीएफ केली तर ती पडद्यापुरती प्रतिमाच छापली जाते. ही चूक लिंकची नाही. काम सुरू करण्यापूर्वी सगळे फोटो एका फोल्डरमध्ये न घेतल्याची आहे.

धूसरपणाचा तर एम्बेड करण्याशी संबंधच नाही. 1200 पिक्सेल रुंदीचा फोटो 4 इंचांत बसवला तर 300 पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) मिळतात आणि 8 इंचांपर्यंत ताणला तर 150. तो लिंक केलेला असो वा एम्बेड केलेला, हा हिशेब बदलत नाही. लेखकाकडून फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा, म्हणजे त्याचे पिक्सेल कमी होत नाहीत, आणि लिंक्स पॅनेलमधला ‘इफेक्टिव्ह पीपीआय’चा, म्हणजे पानावर बसवलेल्या आकारातल्या पीपीआयचा, आकडा वाचावा.

‘एकच फाइल पुरते’ हा दावा सर्वांत घातक आहे, कारण फोटो आत घेतले तरी फॉन्ट बाहेरच राहतात. प्रेसच्या संगणकावर तो मराठी फॉन्ट नसेल तर मजकूर गुलाबी पट्ट्यांत दिसतो आणि जोडाक्षरे विस्कटतात. ‘पॅकेज’ हा आदेश दस्तऐवज, लिंक केलेले फोटो आणि फॉन्ट एकाच फोल्डरमध्ये गोळा करतो, तर छपाईसाठीच्या पीडीएफमध्ये हे सारे आतच असते. शिवाय 300 पीपीआयचे ए-4 आकाराचे एक सीएमवायके (छपाईच्या चार रंगांतले) चित्र कॉम्प्रेस केले नाही तर सुमारे 35 एमबी होते. अशी चाळीस चित्रे पोटात घेतलेली फाइल सेव्ह करताना किती वेळ जातो, हे ज्याने अनुभवले त्याला सांगायला नको.

दुरुस्तीच्या वेळी तर एम्बेड केलेले चित्र फारच अडचणीचे ठरते. एका अंकात जाहिरातदाराचे बोधचिन्ह आम्ही सात पानांवर एम्बेड केले होते. छपाईच्या आदल्या संध्याकाळी त्याचा रंग बदलून आला. सहा ठिकाणी बदल केला, सातवे पान नजरेतून सुटले आणि तसेच छापून आले. लिंक असती तर फोल्डरमधली एक फाइल बदलून, पॅनेलमधल्या पिवळ्या त्रिकोणांवर ‘अपडेट लिंक’ करून सातही जागा सुधारल्या असत्या.

इलस्ट्रेटर या चित्रे व बोधचिन्हे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एका व्हिजिटिंग कार्डावर एखादे लहान चित्र असेल, तर ते खुशाल एम्बेड करावे. मूळ फाइल मात्र कामाच्या फोल्डरमध्ये ठेवावी, कारण ग्राहक तेच चित्र पुढच्या वर्षी बॅनरसाठी मागतो.