रेस्निक-हॅलिडे ‘गळ्यात मारलं’ म्हणणाऱ्या ग्राहकास, दुकानातर्फे

नमस्कार.

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. तुम्ही एफवायबीएस्सीला आहात, फिजिक्स घेतलंय. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या आमच्या पुस्तकांच्या दुकानात आलात आणि आम्ही रेस्निक-हॅलिडे हे फिजिक्सचं इंग्रजी पाठ्यपुस्तक तुमच्या गळ्यात मारलं. पुस्तक उचलवत नाही, इंग्रजी डोक्यावरून जातं, उदाहरणं सगळी अमेरिकेतली. मागे उत्तरं दिलीत तीही निम्मीच. सरांनी दिलेले प्रश्न नंबरवरून शोधले तर भलतेच निघतात. युनिव्हर्सिटीच्या पेपरात यातलं काही येत नाही. परत करायला आलात तर पूर्ण पैसे मिळाले नाहीत. आणि शेवटी, ‘यापेक्षा गाईड बरं.’

रिव्ह्यू तसाच राहू द्या, काढा म्हणून मी मागे लागणार नाही. पण कॉलेजं सुरू झाली की तुमच्यासारखी बरीच मुलं-मुली इथलं वाचून दुकानात येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गळ्यात मारण्याबद्दल. तुम्ही आलात तेव्हा काउंटरवर मीच होतो. ‘सरांनी रेस्निक-हॅलिडे सांगितलंय, आहे का?’ असं तुम्ही विचारलंत. मी विचारलं, ‘कुठलं? क्रेनवालं की वॉकरवालं?’ तुम्ही म्हणालात, ‘एकच असेल ना.’ मी म्हटलं, एक नाही, सरांना फोटो पाठवून विचारा. तुम्हाला घाई होती, मागे रांग होती, तुम्ही वॉकरवालं उचललंत. नंबर न जुळण्याचं सगळं मूळ इथे आहे, आणि यात दर वर्षी कोणी ना कोणी अडकतं, म्हणून नीट सांगतो.

डेव्हिड हॅलिडे आणि रॉबर्ट रेस्निक या दोघांचं मूळ मोठं पुस्तक १९६० साली आलं. मग १९७० मध्ये त्यांनीच ‘फंडामेंटल्स ऑफ फिजिक्स’ हे वेगळं पुस्तक काढलं. पहिल्याच्या पुढच्या आवृत्त्यांत केनेथ क्रेन आले, दुसऱ्याच्या आवृत्त्यांत जर्ल वॉकर. म्हणजे मूळ लेखक तेच असले तरी पुस्तकं दोन आहेत, आणि आपल्याकडे प्राध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळे दोन्हींना ‘रेस्निक-हॅलिडे’च म्हणतात. तुम्ही नंतर सरांच्या प्रश्नांचा जो कागद दाखवलात त्यावर ‘चॅप्टर ९, रोटेशनल डायनॅमिक्स’ असं होतं. ते क्रेनच्या पाचव्या आवृत्तीतलं नववं प्रकरण. तुमच्याकडच्या वॉकरमध्ये नववं प्रकरण सेंटर ऑफ मास आणि मोमेंटमचं आहे, रोटेशन दहाव्यात येतं. मग नंबर जुळणार कुठून? शिवाय एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांतसुद्धा प्रश्नांचे नंबर मागेपुढे होतात. सरांकडे बहुधा त्यांच्या विद्यार्थिदशेतली प्रत असणार. अशा वेळी प्रश्नाची पहिली ओळ लिहून घ्यावी, नंबरावर विसंबू नये.

आता जाडीचं. वॉकरच्या विस्तारित आवृत्तीत ४४ प्रकरणं आणि हजारावर पानं आहेत, तक्रार रास्तच आहे. पण ते सगळं पहिल्या वर्षी वाचायला तुम्हाला सांगितलंय कोणी? मेकॅनिक्ससाठी पहिली अकरा प्रकरणं पाहा. उष्णता आणि थर्मोडायनॅमिक्ससाठी अठरा ते वीस. बाकीचं पुढच्या वर्षांना लागेल तसं. वर्गात रोज न्यायचं हे पुस्तक नाही, ते घरी टेबलावर राहतं. आमच्याकडे काही मुलं चक्क ब्लेडने पुस्तकाचे तीन भाग करून बाइंडिंगवाल्याकडून बांधून घेतात. मला ते बघवत नाही, पण सोयीचं आहे खरं.

उदाहरणं अमेरिकन आहेत, हेही खरं. बेसबॉल, आइस हॉकीची चकती, रोलर कोस्टर हे भरपूर आहे. ज्याने बेसबॉल कधी पाहिला नाही त्याने आधी खेळ समजून घ्यायचा की फिजिक्स? मराठी माध्यमातून दहावी करून अकरावीला एकदम इंग्रजीत सायन्स घेतलेल्या मुलांना हा दुहेरी मार बसतो, हे मी रोज काउंटरवर बघतो. एच. सी. वर्मांचं ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ एवढ्या मुलांना आपलं वाटतं त्याचं एक कारण हेच असावं. वर्मा पाटण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवायचे, पुढे आयआयटी कानपूरला गेले. पुस्तक १९९२ चं, दोन भागांत. वाक्यं लहान, प्रसंग आपल्याकडचे. त्या दिवशी ते रेस्निकच्या शेजारीच होतं आणि मी तुम्हाला ते काढून दाखवलंही होतं. ‘ते जेईईवाल्यांचं आहे’ म्हणून तुम्ही बाजूला सारलंत. जेईईवाले वापरतात म्हणजे ते फक्त त्यांचं, असा गैरसमज पुष्कळांचा आहे. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला ते उत्तम चालतं.

तरीही ‘यापेक्षा गाईड बरं’ हे मला पटत नाही, आणि ते विक्रेता म्हणून म्हणत नाही. गाईडवर आम्हाला मार्जिन जास्त सुटतं आणि गाईडं खपतातही कितीतरी जास्त. धंद्याचाच विचार केला तर मी गाईडच पुढे करायला हवं.

एकच ठिकाण दाखवतो. पुस्तक अजून जवळ असेल तर पाचवं प्रकरण उघडा, न्यूटनचा तिसरा नियम. तिथे टेबलावर खरबूज ठेवलेलं आहे. (हे अमेरिकन नाही, मंडईत मिळतं.) गाईडात ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात’ एवढं एक वाक्य असतं आणि ते पाठ असलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, खरबुजाच्या वजनाची प्रतिक्रिया कोणती? दहातले बहुतेक सांगतील, टेबल वरच्या दिशेने लावतं ते बल. चूक. पुस्तक शांतपणे जोड्या लावून दाखवतं. पृथ्वी खरबुजाला खाली ओढते, तर खरबूज पृथ्वीला वर ओढतं, ही एक जोडी. टेबल खरबुजाला वर ढकलतं, खरबूज टेबलाला खाली ढकलतं, ही दुसरी. वजन आणि टेबलाचं बल ही दोन्ही एकाच खरबुजावर लागतात, त्यामुळे त्यांची तिसऱ्या नियमातली जोडी होऊच शकत नाही. ती समान आहेत, कारण खरबूज स्थिर आहे, म्हणजे तो दुसऱ्या नियमाचा परिणाम. तेच टेबल वर जायला निघालेल्या लिफ्टमध्ये ठेवा. वजन तेवढंच राहील आणि टेबलाचं बल वाढेल. समान राहिली नाहीत, तरी न्यूटनचा तिसरा नियम मात्र जागच्या जागी. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची पुलीची आणि उतारावरच्या ठोकळ्यांची गणितं निम्मी सोपी होतात. न बसलं तर प्रत्येक गणित नव्याने पाठ करावं लागतं.

तुमच्या निम्म्या उत्तरांच्या तक्रारीचा संबंध याच्याशीच आहे. मागे उत्तरं फक्त विषम क्रमांकाच्या प्रश्नांची आहेत. छपाईत काही राहिलेलं नाही, ते मुद्दाम तसं ठेवलंय. विषम प्रश्न सोडवून स्वतःला तपासायचं, सम प्रश्न घरपाठाला. प्रश्नांच्या आधी ठिपके असतात ते पाहिलेत का? एक ठिपका सोपा, तीन ठिपके अवघड. पहिल्यांदा वाचताना एका ठिपक्याचे विषम प्रश्न करा आणि तीन ठिपक्यांच्या वाटेला जाऊ नका. अनेक मुलं थेट शेवटचे प्रश्न उघडतात, अडकतात आणि ‘पुस्तक बेकार’ म्हणतात.

सोडवलेली उत्तरं भरपूर वाचली की विषय आला, असं वाटणारे तुम्ही एकटे नाही. हार्वर्डमध्ये एरिक मझूर नावाचे प्राध्यापक आहेत. मुलं त्यांच्याकडे मोठी गणितं सोडवायची, मुलांची मतंही त्यांच्याबद्दल छान होती. मग त्यांनी न्यूटनच्या नियमांवर एक साधी, आकडेमोड नसलेली चाचणी दिली. तेव्हा एका मुलीने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू की मला वाटतं तशी? चाचणीचा निकाल बघून त्यांनी पुढे शिकवायची पद्धतच बदलली. हा किस्सा मला आमच्या एका जुन्या ग्राहक प्राध्यापकांनी सांगितला, आणि तेव्हापासून ‘सगळं सॉल्व्ह्ड असलेलं द्या’ म्हणणारं कोणी आलं की तो मला आठवतो.

पेपराबद्दल तुमचं बरोबर आहे. ‘स्टेट अँड प्रूव्ह’, ‘डिराइव्ह अ‍ॅन एक्स्प्रेशन’, ‘शॉर्ट नोट’ अशा पेपरासाठी हे पुस्तक लिहिलेलंच नाही. २००२ साली अमेरिकन फिजिकल सोसायटीने याला विसाव्या शतकातलं सर्वांत उल्लेखनीय प्रास्ताविक पाठ्यपुस्तक ठरवलं, पण त्याने सेमिस्टरचे मार्क वाढत नाहीत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईडच काढा, मी नको म्हणणार नाही. पहिल्या वर्षी रेस्निकला शिव्या घालून गेलेली मुलं तिसऱ्या वर्षी आयआयटी जॅमच्या (एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेच्या) तयारीला लागली की तेच पुस्तक मागायला येतात, तोवर जुन्या बाजारात विकून टाकलेलं असतं. इंजिनिअरिंगवाले बहुतेक घेतच नाहीत, आणि घेतलं तरी त्यांच्या प्रती कोऱ्या करकरीत परत येतात. त्यांचं मत काय धरायचं? जॅमवाल्यांच्या प्रती मात्र पेन्सिलीने भरलेल्या असतात, आणि नवी पोरं त्याच प्रती मुद्दाम शोधून नेतात.

राहता राहिले पैसे. नियम काउंटरमागे पाटीवर लिहिलेला आहे आणि बिलाच्या मागेही छापलेला आहे: कोरं पुस्तक आठ दिवसांत पूर्ण किमतीला बदलून, नाव घातलेलं किंवा खुणा केलेलं निम्म्या किमतीत. तुमच्या प्रतीवर पहिल्याच पानावर बॉलपेनने नाव, रोल नंबर आणि मोबाइल नंबर होता. आत गुलाबी हायलायटर होता, तोही ओळींना नाही, अख्ख्या परिच्छेदांना, आणि दुसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर थांबलेला. अशी प्रत मी नवी म्हणून पुढच्या मुलाला कशी देऊ? निम्मे पैसे देतो म्हटलं, ते तुम्ही घेतले नाहीत आणि पुस्तक घेऊन गेलात. तेव्हा ‘पूर्ण पैसे मिळाले नाहीत’ हे अर्धंच झालं.

तर आता असं करता येईल. सरांना क्रेनच हवं असेल तर त्याचा पहिला खंड जुन्यात आलाय, बाइंडिंग ठीक आहे, आतल्या खुणा पेन्सिलीच्या आहेत. तुमचं वॉकर निम्म्या किमतीत धरून तो घेऊन जा, तुम्हालाच थोडे पैसे परत मिळतील. सरांचं काही म्हणणं नसेल तर वॉकर ठेवा आणि जोडीला वर्मांचा पहिला भाग घ्या, माझ्या मते हे जास्त चांगलं. फक्त तो सध्या जुन्यात शिल्लक नाही, नवाच घ्यावा लागेल. गाईडही आहे, त्यावर नेहमीचा डिस्काउंट मिळेल. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी संध्याकाळी पाचनंतर या म्हणजे बोलता येईल.