'बोर्डोत औषध मारत नाहीत' हे साफ खोटं आहे

निफाडच्या आमच्या नानाकाकांनी परवा फोनवर सांगितलं की यंदा ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षांवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, मारणार नाही. कारण व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मेसेज. फ्रान्सच्या बोर्डोत द्राक्षांवर औषध मारत नाहीत, तिथल्या वेली दोन हजार वर्षांपासून स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, वाईन एकाच प्राचीन जातीची होते आणि आपण मात्र अमेरिकन खुंट (ज्या मुळांच्या झाडावर द्राक्षाचं कलम बांधतात तो) लावून बागा बिघडवल्या, असं त्यात आहे. मला तो तीन ग्रुपवर आला, मी सोडून दिला. आता तो आमच्या बागेत शिरलाय.

काका, ज्या औषधाला आपण बोर्डो म्हणतो, त्याचं नावच त्या गावावरून पडलंय! 1882 साली तिथल्या मेदोक भागात डावणी या बुरशीसारख्या रोगाने बागांची पानं गळाली होती. प्राध्यापक मियार्दे यांना सें-ज्युलियँजवळ रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या दिसल्या. येणारे-जाणारे घड तोडतात म्हणून बागवाल्यांनी त्या ओळींवर मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) आणि चुना शिंपडला होता. निळसर डाग दिसले की कोणी हात लावत नसे. मियार्देंनी प्रयोग करून 1885 मध्ये हे मिश्रण जगापुढे मांडलं. समुद्र जवळ, हवा दमट, पाऊस भरपूर, अशा ठिकाणी डावणी येणारच. जगाला हे औषध ज्या गावाने दिलं, त्याच गावाचं नाव सांगून ते बंद करायला लावतात, याचा संताप येतो.

तिथे सेंद्रिय बागा वाढताहेत, हे मान्य. पण सेंद्रिय शेतीतही तांबं चालतं. युरोपीय संघाने त्याला 7 वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे. वापरच नसता तर मर्यादा कशाला लागली असती?

खुंटाचं तर उलटंच आहे. रोमन काळापासून तिथे द्राक्षं आहेत, एवढं खरं. पण एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि अमेरिकन खुंटावर कलमं बांधली तेव्हाच त्या पुन्हा उभ्या राहिल्या. आज बोर्डोतल्याही जवळपास सगळ्या वेली तशाच आहेत. आपला डॉगरीज खुंटही अमेरिकेचाच.

प्राचीन जात म्हणजे कॅबर्ने सोव्हिन्यों म्हणायचं असेल, तर 1997 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधकांनी डीएनएवरून दाखवलंय की ती कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांच्या संकरातून झाली. शिवाय बोर्डोत सर्वांत जास्त लागवड मर्लो या जातीची आहे आणि तिथली रेड वाईन बहुधा दोन-तीन जाती मिसळूनच करतात.

तेव्हा काका, छाटणी झाली की मोरचूद वेगळं आणि चुना वेगळा भिजवा, दोन्ही प्लास्टिकच्याच ड्रममध्ये. मिश्रण झालं की विळा बुडवून बघा. पात्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. मग मारा.