आधी गेट उघडा, मग मोबाईल काढून घ्या

पिंट्याने आल्या आल्या तोंड सोडलं. "आजकालच्या पोरांना काही म्हणजे काही नको. माझाच बघा, चौदा वर्षांचा घोडा झालाय, अख्खी संध्याकाळ पलंगावर लोळून मोबाईल. आपण अंधार पडेपर्यंत घरी फिरकत नव्हतो."

"अंधार पडेपर्यंत कुठे असायचो आपण?" मास्तरने विचारलं. हा आमचा वर्गमित्र, शाळेत पीटी शिकवतो.

"मैदानावर. अजून कुठे?"

"आणि आता तिथे काय आहे?"

पार्किंग आहे. हे पिंट्यालाही ठाऊक, म्हणून त्याने गाडी वळवली. "इच्छा असली की माणूस जिन्यातसुद्धा व्यायाम करतो."

करतो की. पण चाळिशीनंतर, डॉक्टरने घाबरवल्यावर. चौदाव्या वर्षी तब्येतीसाठी कुणी खेळत नाही. खाली चार जण दिसले की पाचवा उतरतो. आता ते चौघेही फोनमध्येच भेटतात, तर हा एकटा खाली येऊन करणार काय?

नीता इतका वेळ गप्प होती. ती शहर नियोजनात काम करते, त्यामुळे तिच्याकडे आकडे असतात. "दोष एकट्या मोबाईलचा असता तर मोबाईलच्या आधी चित्र बरं असायला हवं होतं ना? जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली, २०१९ मध्ये छापली. रोज तासभर दम लागेल अशी हालचाल, एवढीच अट. २०१६ साली ८१ टक्के मुलं नापास. आणि २००१ साली? मुली ८५.१ टक्के, त्या २०१६ ला ८४.७. मुलगे ८०.१ वरून ७७.६. मधे स्मार्टफोन येऊन घरोघरी पोचला, तरी आकडा जवळपास तिथेच."

"तेव्हा टीव्ही होता," पिंट्या म्हणाला. मुद्दा बिनतोड नसला तरी फेकून देण्यासारखाही नाही. शिवाय मुलांनी स्वतःच भरलेल्या प्रश्नावल्यांवर किती विसंबायचं, असं मीही म्हटलं. २०१६ नंतर फोन आणखी चिकट झाला, ते तर या आकड्यांत येतच नाही.

"बरं, मग दक्षिण कोरियात ९४ टक्के नापास आणि बांगलादेशात ६६ टक्के, हे कसं? कोरियातली पोरं जन्मजात आळशी का?" नीता काही सोडेना. "तिथे राजधानी सोलमध्ये खासगी शिकवण्या रात्री १० ला बंद करा, असा नियम करावा लागला. १० पर्यंत वर्गात बसलेला मुलगा पळणार कधी? आणि बांगलादेशाचं फार कौतुक नको. तिथल्या मुलींचा आकडा बरा दिसतो तो घरकामामुळे असेल, असं संशोधकच म्हणतात."

"मग कायदा करा ना! रात्री गेम बंद!"

तेही कोरियाने करून पाहिलं. २०११ पासून सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद. मोबाईलवरचे गेम मात्र त्यातून सुटले आणि पोरंही तिकडेच सरकली. २०२२ च्या सुरुवातीला कायदा गुंडाळला. चीनने २०२१ मध्ये आठवड्याला तीनच तास ठेवले. पिंट्याला हे फार आवडलं. त्याला सगळं कडक आवडतं, स्वतःचा फोन सोडून.

नीताने मग व्हिएन्नाची गोष्ट काढली. १९९० च्या दशकात तिथल्या पालिकेच्या लक्षात आलं, की वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षानंतर मुली बागांमधून गायब होतात. बाग तीच, झाडं तीच. पण मधला मोठा मोकळा चौक मुलगे धरायचे, आणि मुली भांडत बसण्यापेक्षा निघून जायच्या. पालिकेने १९९९ मध्ये दोन बागा नव्याने आखल्या. मोठ्या जागेचे तुकडे केले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनला जागा दिली. मुली परत आल्या. कुणालाही 'खेळा गं' असं सांगावं लागलं नाही.

हे ऐकून मास्तर जरा गंभीर झाला. "माझ्याकडे रोज हेच चालतं रे. शिट्टी वाजली की दहावीची पोरं फुटबॉल घेऊन अख्खं मैदान व्यापतात. मुली भिंतीला लागून दोघी-दोघी चालतात. बॉल आला की अंग चोरून थांबतात, गेला की पुन्हा चालतात. मी रिपोर्टमध्ये लिहितो, 'मुलींना खेळात रस नाही'."

"मग चुन्याने एक रेघ मार," नीता म्हणाली. "अर्ध्यात फुटबॉल, अर्ध्यात बाकीचं."

"आणि शाळा सुटल्यावर गेट का बंद?" हा प्रश्न चक्क पिंट्याचा. "माझ्या घरापासून तुझं मैदान दोन मिनिटांवर आहे. साडेपाचला कुलूप. पोरगा बाहेरून बघतो आणि परत येतो."

"कुणाचा पाय मोडला तर जबाबदार कोण? उद्या तूच येशील माझी कॉलर धरायला."

"मी लिहून देतो."

"तू देशील. बाकीचे पालक देतील? वॉचमनचा जादा पगार कोण देणार? संस्था?"

"पालकांकडून सह्या गोळा करतो मी."

"कर. सह्या आण, मी हेडमास्तरांसमोर ठेवतो. आणि पिंट्या, ग्रुपवर फॉरवर्ड करून मोकळा होऊ नकोस, दारोदार फिर."

पिंट्याने तोवर ग्रुप उघडलाही होता.