खुलासा: फवारणी पंपाची बॅटरी पूर्ण उतरवून चार्ज करू नका

तासगाव-मिरज भागातल्या बागायतदारांत एक मेसेज फिरतो आहे: पंपाची बॅटरी पूर्ण उतरल्यावरच चार्जिंगला लावा, म्हणजे ती जास्त टिकते. हे साफ चूक आहे. तो सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलचा. पंपातली १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी शिशाची असते. ती १०.५ व्होल्टच्या खाली गेली किंवा उतरलेली पडून राहिली, की प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि क्षमता कायमची घटते. फवारणी अर्धीच झाली असली तरी त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावा.

चार्जर ०.८ ते १.६ अँपिअरचा आणि १४.७ व्होल्टच्या वर न जाणारा हवा. लवकर होते म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर लावतात, तो मुळीच नको. जादा व्होल्टेजने आतल्या पाण्याचा वायू होऊन व्हॉल्व्हमधून निघून जातो. ते पाणी परत भरता येत नाही, बॅटरीही फुगते. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये हा धोका वाढतो, म्हणून सावलीत, हवेशीर जागी चार्ज करा.

हंगाम संपला की पूर्ण चार्ज करून ठेवा. दर तीन महिन्यांनी मीटर लावा, १२.५ व्होल्ट किंवा कमी दिसले तर पुन्हा चार्ज करा. लिथियम बॅटरीच्या पंपाला मात्र त्याचाच चार्जर लावा.