दीडशहाणा म्हणजे दीडपट शहाणा? मुळीच नाही

परवा घरच्या ग्रुपवर काकांनी आईला सल्ला दिला, "रक्तदाबाच्या गोळीची सवय लागते, आठवडाभर बंद करून बघ." काकांनी जन्मभर हिशेब तपासले, नाड्या नाहीत. मी चिडून लिहिलं, "काका, हा दीडशहाणपणा पुरे." त्यावर त्यांनी "धन्यवाद" म्हणून एक फॉरवर्ड टाकला. तोच मेसेज मग आणखी दोन ग्रुपांवर दिसला, तेव्हा मात्र राहवेना. मेसेजचं म्हणणं असं की दीडशहाणा, उंटावरचा शहाणा, पढतमूर्ख हे मुळात गौरवाचे शब्द. मत्सरी लोकांनी त्यांच्या शिव्या केल्या.

पहिला दावा: पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी सखारामबापू एक आणि नाना फडणवीस अर्धे, मिळून दीड, म्हणून 'दीडशहाणा'. साडेतीन शहाणे होते, कबूल. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाकडचा विठ्ठल सुंदर हे पूर्ण. नाना अर्धे, कारण त्यांच्या मुत्सद्देगिरीला तलवारीची जोड नव्हती, असं सांगतात. पण ती माणसांची मोजदाद झाली. दीडशहाण्यात माणूस एकच असतो आणि वरचं अर्धं त्याने स्वतःच चढवलेलं असतं. शिवाय 'दीडदमडीचा' म्हटल्यावर कोण हरखतं?

दुसरा दावा वाचून मी फोन खाली ठेवला. म्हणे उंटावरून दूरवरचं दिसतं, म्हणून उंटावरचा शहाणा म्हणजे व्यापक दृष्टीचा माणूस! अरे, गोष्ट तरी ऐकायची. रेड्याचं तोंड रांजणात अडकलं. लोकांनी शहाण्याला बोलावलं. तो उंटावरून आला, पण दारातून उंट जाईना आणि हा खाली उतरेना, म्हणून आधी दार आणि भिंत पाडली. मग वर बसूनच म्हणाला, रेड्याची मान कापा. कापली. मुंडकं तरीही आतच. तेव्हा म्हणाला, आता रांजण फोडा. रेडा गेला, भिंत गेली, रांजणही गेला. उंटावरच्याला ओरखडा नाही. कुणी रांजण, कुणी माठ सांगतं, पण उंटावरून उतरणारा शहाणा मी अजून ऐकलेला नाही. गोळी बंद करायला सांगणारे काकाही असेच वर बसलेले, मान आईची.

तिसरा दावा: पढतमूर्ख हा शब्द शिकलेल्यांना हिणवायला अलीकडे काढला. अलीकडे? दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला दहावा समास अख्खा पढतमूर्खांवर आहे, आणि तो सतराव्या शतकातला. समर्थ आधी पहिल्या समासात साधे मूर्ख मोजतात, आणि इथे म्हणतात, "आतां ऐका शाहाणे । असोनि मूर्ख". पुढचं पहिलंच लक्षण बहुश्रुत, ब्रह्मज्ञान बोलणाऱ्या, पण दुराशा आणि अभिमान धरणाऱ्याचं आहे. यात शिक्षणाला हिणवणं कुठे आलं? खरं तर या शब्दात थोडा मान आहेच, कारण पढतमूर्ख व्हायला आधी पढावं लागतं. म्हणूनच काकांना मी तो लावला नाही.

'शहाणा' फारसी 'शहा'वरून आला, हे वाचून पुढे सरकावं. हिंदीतला 'सयाना' त्याचा सख्खा भाऊ आणि दोघांचं मूळ संस्कृत 'सज्ञान'. नुसता 'शहाणा' मात्र कौतुकाचा, हे मेसेजचं बरोबर आहे. शहाणं बाळ म्हणतोच आपण. पण "मोठा शहाणा आलास!" हे कौतुक नव्हे, एवढं तिसरीतल्या पोरालाही कळतं.

शेवटी मेसेजमध्ये समर्थांचाच आधार घेतलाय: "शहाणे करून सोडावे सकळ जन." दासबोधात 'सकळ' नाही, 'बहुत' आहे, पण ते राहू दे. त्या ओवीची सुरुवात तेवढी गाळलीय: "जितुकें कांहीं आपणासी ठावें". हा अर्धा भाग मी काकांना पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. आईने रात्री गोळी घेतली.